सारंगी कशी वाटली

आमच्या लालबागमध्ये कापड विणायचे लूम दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. बोलतो जोरात, जणू त्याच्या आणि समोरच्याच्या मध्ये कायम एक लूम चालू आहे. खकनार गावचा त्याचा दोस्त त्याला मोबाइलवर नवी नवी गाणी पाठवतो आणि तो ती मला पाठवतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर सायकल आडवी घालून विचारणार, कधी बासरीचं, कधी आणखी कशाचं. वर्षापूर्वी, पहिल्या गाण्याच्या वेळी म्हणाला होता, "सर, फुरसतीनं ऐकलं ना? दोस्त म्हणतो, तिसऱ्या कडव्यात सारंगी आहे. कशी वाटली?"

मी गाणं उघडलंही नव्हतं. "फार गोड," मी म्हणालो. तो "गोड" असं एकदा स्वतःशीच म्हणाला आणि समाधानानं निघून गेला. पुढे दर वेळी हेच.

परवा पहिल्यांदाच मी त्याला एक गाणं ऐकवलं. त्यानं फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला, आणि हसून परत दिला.

"ढोलक तेवढी ऐकू येते, सर. बाकीचं तुम्हीच सांगा. लूमच्या खटखटीत बारीक आवाज गेले माझे. म्हणून तर तुम्हाला विचारतो."

घरी येऊन मी त्याचं ते पहिलं गाणं काढलं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबलो. सारंगी इतकी रडत होती, की मला पुढे ऐकवेना. त्याच्या मनात मात्र ती वर्षभर गोड वाजत होती.