विमानातली तानाबाई

मंगळवार पेठेतल्या तानाबाईनं बावीस वर्षांत पडद्यावर नाना जन्म घेतले. पाणवठ्यावरची बाई, लग्नातली बाई, जत्रेतली बाई, मढ्याभोवती बसलेली बाई. सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या पाटीवर नाव कधी आलं नाही आणि तोंडी वाक्यही कधी आलं नाही. 'गर्दी' हाच तिचा हुद्दा. तरी पेठेत ती 'सिनेमातली तानाबाई' होती आणि तिला ते गोड लागायचं. नवरा आकाराम पूर्वी शूटिंगला दिवे लावायचा. दम्यानं त्याला घरी बसवलं, तेव्हापासून ही गर्दीच दोघांची चूल पेटवत होती.

अठ्ठ्याहत्तर साली सिनेमे काढणाऱ्या हंबीररावांनी विमानाचा सिनेमा काढायचं मनावर घेतलं. मुंबईला जाऊन त्यांनी तसले इंग्रजी सिनेमे पोटभर बघितले होते. शहराबाहेर उचगावच्या अंगाला एक रिकामं गोदाम त्यांनी धरलं आणि बाबालाल सुताराला सांगितलं, "विमान कर." बाबालालनं विमान बघितलं होतं ते आभाळातलं, बोटाएवढं. पण गडी कसबी. प्लायवूड वाकवलं, भंगारातल्या एसटीच्या सीटा बसवल्या, गोल खिडक्या कापल्या, वरून पांढरा रंग मारला. पहिल्या दिवशी आत शिरताना तानाबाईनं चपला बाहेर काढल्या.

"अवं बाई, देऊळ न्हाय ते," बाबालाल म्हणाला. पण त्याला बरं वाटलं.

विमान हलवायला तालमीतले दहा पैलवान आणले होते. सयाजी त्यांचा म्होरक्या. विमान एका लाकडी चौकटीवर उभं होतं. खाली वाकून सगळ्यांनी चौकटीला खांदे दिले आणि सयाजीनं 'हां!' केलं, की अख्खं विमान डुलायचं.

त्या संध्याकाळी तिनं आकारामला गोष्ट सांगितली. विमानात एक नवीन जोडपं, एक कीर्तनकार बुवा, एक दिवस भरलेली बाई, पेटीत सोनं लपवणारा चोर. आणि एक उदास माणूस, पूर्वी विमान चालवायचा, आता दारू पितो.

"मग वैमानिकाला झटका येतोय, आनि ह्यो दारुडा इमान उतरवतोय," आकाराम म्हणाला.

"अगं बया! तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? समद्या इमानांच्या सिनेमात त्येच आस्तंय. चोर मरतोय, बाई बाळंत हुती, बुवा भजन म्हनतोय."

"मग लोकं बघत्यात कशाला?"

आकाराम दम घेऊन म्हणाला, "इमान उतरणार हे ठावं आस्तंय, ताने. पर आत बसलेली मानसं भ्यालेली बघाय बरं वाटतंय. आपून खाली हाय न्हवं."

तानाबाईला या वेळी वाक्य मिळालं होतं. खिडकीशी बसलेली एकटी म्हातारी, आणि विमान कलंडलं की तिनं ओरडायचं, "देवा, वाचीव रे!" तीन शब्द. पण बावीस वर्षांनी मिळालेले. भाकऱ्या थापताना, पाणी भरताना ती ते घोकायची. आकाराम आतून ओरडायचा, "अगं, देव काय भैरा हाय व्हय?"

बाराव्या दिवशी तिचा शॉट लागला. चार वेळा झाला आणि चारी वेळा हंबीररावांनी मान हलवली. "जत्रेत पाळण्यात बसल्यागत ओरडतेस, तानाबाई. भ्या दिसू दे की!" मग ते खाली उतरले आणि सयाजीच्या कानाशी काहीतरी बोलले.

पाचव्या वेळी झोका आला तो नेहमीसारखा नव्हता. पैलवानांनी चौकट एका अंगाला उचलली आणि सोडून दिली. एसटीची ती सीट बुडातनं उपटली आणि तानाबाई सीटसकट पलीकडच्या लोखंडी दांडीवर जाऊन आदळली. खुब्यात कडकन आवाज झाला. तिला तीन शब्दांतला एकही आठवला नाही. तिच्या तोंडून भलतंच आलं, "अवं, धरा की मला!" जो माणूस चार मैलांवर खोकत बसला होता, त्याला तिनं हाक मारली होती.

शेजारची माणसं उठू लागली. हंबीररावांनी हात वर केला. कॅमेरा चालू होता. मग कुणीच उठलं नाही. तानाबाई ओरडत राहिली आणि सगळे आपापल्या जागी, सांगितलेल्या जागी, बसून राहिले. कॅमेरा थांबल्यावर पहिला धावला तो बाबालाल.

मोठ्या दवाखान्यात तिचा पाय तीन महिने वजन बांधून टांगून ठेवला. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. सयाजी रोज तांब्याभर दूध घेऊन यायचा आणि खाली मान घालून बसायचा. एक दिवस म्हणाला, "मावशी, मालकांनी तुमाला न सांगता झटका द्या म्हटलंतं. आमी दिला."

"तुला काय ठावं हुतं, बाबा," ती म्हणाली. त्याहून जास्त त्याचं समाधान करावं एवढं बळ तिच्यात नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा बाबालालनं दोघांना रिक्षानं थेटरात नेलं. पहिला तास लोक जांभया देत होते. हवाईसुंदरी ट्रे घेऊन गाणं म्हणत होती. दोरीला टांगलेलं खेळण्यातलं विमान ढगात फिरलं, तेव्हा पुढच्या बाकांवरून कुणी ओरडलं, "ए, दोरी दिसाल्या की!" थेटर हसलं. बुवांच्या भजनाला पुन्हा हसलं. बाबालालनं मान खाली घातली.

मग विमान हलू लागलं आणि हसणं थांबलं. दोरी दिसली होती, दारुडा विमान उतरवणार हेही सगळ्यांना कळलं होतं, तरी माणसं खुर्चीचे दांडे धरून बसली. एवढं मात्र हंबीररावांना जमलं होतं. आणि तानाबाईचा तोंडवळा पडद्याभर आला. "अवं, धरा की मला!" मागं एक बाई मोठ्यानं रडली. लगेच नायकाचा हात आला आणि त्यानं म्हातारीचा हात घट्ट धरला. थेटरभर टाळ्या कोसळल्या.

तो हात तानाबाईनं कधी बघितलाच नव्हता. तो शॉट नंतर कधीतरी, दुसऱ्याच कुणाचा हात धरून घेतला होता.

"सिनेमा टुकार हाय," बाहेर येताना आकाराम म्हणाला. "पर तेवढं खरं हाय."

"खरं हाय म्हनून काय करू?" ती म्हणाली.

वर्षानं हंबीररावांचा निरोप आला. आता आगगाडीच्या अपघाताचा सिनेमा होता. "बसूनच काम हाय, तसलंच ओरडायचं," असा निरोप. त्या वर्षात तिला कुणी गर्दीतही उभं केलं नव्हतं. गर्दीला चालावं लागतं. ती इरकली लुगडं नेसून, काठी टेकत गेली. गोदाम तेच होतं. विमान मोडून बाबालालनं त्याच फळ्यांचा डबा केला होता आणि या वेळी प्रत्येक बाक स्वतः बोल्ट मारून पक्का केला होता.

ती ओरडली. हंबीरराव म्हणाले, "न्हाय." पुन्हा ओरडली. "न्हाय, तानाबाई. जरा त्या दिवसाचं आठव की."

तिनं आठवलं. सीट उपटली ते, हाडाचा आवाज, बसून राहिलेली माणसं. सगळं जसंच्या तसं डोळ्यांपुढं आलं, पण तोंडातनं निघाली ती गर्दीतल्या बाईची आरोळी, बावीस वर्षं घोटलेली. सात वेळा झालं.

"तसलं येत न्हाय मालक," ती म्हणाली.

हंबीररावांनी रागही केला नाही. त्यांनी शालूबाईला बोलावलं. शालूबाई तिशीतली, मुंबईच्या नाटकात काम केलेली. तानाबाईला उठायला वेळ लागला, म्हणून सगळे थांबले. शालूबाई त्या जागी बसली आणि पहिल्याच वेळी अशी किंचाळली की बाबालालच्या हातातला हातोडा खाली पडला.

घरी आली तेव्हा आकाराम भिंतीला टेकून बसला होता.

"झालं काम?"

"झालं."

"उद्या?"

"उद्या न्हाय," तानाबाई म्हणाली. तिनं काठी कोपऱ्यात ठेवली आणि पीठ किती उरलंय ते बघायला डबा उघडला.