आधी कडा सुलट!

आमच्या हिच्या मामांइतका हटवादी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आमच्याच लग्नात हे गृहस्थ मंगलाष्टकं संपेपर्यंत मांडवाबाहेर लोकांच्या उलट्या पडलेल्या चपला सुलट्या करत होते. आंब्याची पेटी भरायला घेतली की आधी सगळ्या फळांचे देठ एका दिशेला. मग टेम्पो निघून गेला तरी बेहत्तर. अशा माणसाला निवृत्तीच्या वेळी कोणीतरी रंग जुळवायचा क्यूब भेट दिला. तो देणारा मला एकदा भेटायला हवा.

सायबर कॅफेतून मामा क्यूब सोडवायच्या पद्धतींच्या प्रिंट काढून आणत. कोणी थरावर थर रचतं, कोणी आधी ठोकळे बांधतं, कोणी कोपऱ्यांपासून सुरुवात करतं. मामांना सगळं मान्य, अट एकच: दोन रंगांचे जे बारा कडेचे तुकडे असतात, ते आधी सुलटे करायचे, म्हणजे तुकडा कुठेही असो, त्याच्या दोन रंगांची अदलाबदल नको. "जावईबापू, पद्धत हवी ती घ्या हो, पण आधी कडा सुलट करा!" ठोकळ्यांच्या पद्धतीत हे काम मुळात शेवटाकडे करतात. मामांनी ते पुढे ओढलं, वेळ दुप्पट झाला, आणि दोष कोणाला? तर पद्धतीला! स्टॉपवॉच धरून बसायची शिक्षा मात्र मला. दोन वर्षं सगळे त्यांना हसले. आधी कडा आणि मग हवी ती पद्धत, ही आपली जोडपद्धत एकदा चारचौघांत खरी करून दाखवायची, एवढाच त्यांचा ध्यास होता.

शेवटी चिपळूणला एका मंडळाने स्पर्धा ठेवली. एसटी संगमेश्वरला थांबली, तेव्हा विस्कटलेला क्यूब माझ्या हातात देऊन मामा चहाला उतरले. माझ्या हातून तो पडला आणि कडेचा एक तुकडा निखळला. मी तो घाईघाईने दाबून बसवला आणि क्यूब मामांच्या पिशवीत ठेवून दिला. पुढे बोटांना विश्रांती म्हणून मामांनी क्यूबला हात लावला नाही.

स्पर्धेत प्रत्येकाचा स्वतःचाच क्यूब विस्कटून समोर ठेवत आणि तो नुसता बघायला पंधरा सेकंद देत. मामांनी उलटे तुकडे मोजले, पुन्हा मोजले, आणि क्यूब खाली ठेवला.

"पाच भरतायत. उलटे नेहमी समच असतात. हा सुटायचाच नाही हो. कोणीतरी उघडून तुकडा उलटा बसवलाय."

"काका, वेळ जातोय. सुरू करा," घड्याळवाला म्हणाला. सभागृह खो खो हसलं. काय हसण्यासारखं होतं त्यात? त्या सबंध सभागृहात तो एकच माणूस बरोबर होता! मामांना बाद केलं.

"कोणी उघडला मग?" संयोजकांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बोलला असणार. आमच्याकडे जावयाला चारचौघांत बोल लावत नाहीत.

"माझ्याच हातून झालं असेल. तेल घालायला उघडला होता परवा," मामा म्हणाले. जन्मात स्वतःची चूक कबूल न केलेला हा माणूस!

परतीच्या एसटीत त्यांनी एक तुकडा काढला, फिरवून बसवला आणि क्यूब मला दिला.

"हं, विस्कटा. आणि घड्याळ लावा."

मी विस्कटून दिला. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर चिडायचं मी अजून सोडलेलं नाही. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं पडतं. 'मामा, तुकडा मी बसवला होता,' एवढं एक वाक्य चिपळूण ते रत्नागिरी मला बोलता आलं नाही.