फोनमध्ये टीव्ही दिसत नाय

पेणच्या एका शाळेत मी मुलांना संगणक शिकवतो. त्यामुळे रोह्याच्या घरात वायफायचं काही बिघडलं की आई दुसऱ्या कुणाला विचारत नाही. त्या रविवारी सकाळी सातलाच तिचा फोन आला. "फोनमध्ये टीव्ही दिसत नाय. चारला सगळ्या येणार हायत."

सगळ्या म्हणजे तिच्याबरोबर काश्मीरला जाऊन आलेल्या पाच बायका. फोनमधले फोटो टीव्हीवर मोठे करून दाखवीन, असं तिने परतीच्या प्रवासातच कबूल करून टाकलं होतं.

घर लांबट. मागे स्वयंपाकघरात वायफाय पोचत नसे, म्हणून महिन्यापूर्वी मी मेश बसवलं होतं. तीन खोल्यांत तीन पांढरे डबे, आणि तिन्ही मिळून घरभर एकच जाळं. जुना राउटर हॉलमध्ये तसाच ठेवला, कारण बाहेरची लाइन त्यातूनच येत होती. आईला नवं नाव, नवा पासवर्ड नको म्हणून नव्या वायफायला मी जुनंच नाव दिलं. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

दहाला पोचलो. फोनवर आणि टीव्हीवर वायफायचं नाव एकच, तरी फोटो कुठे दाखवायचे त्या फोनमधल्या यादीत टीव्ही येईना. दोन्ही बंद करून चालू केले. तिन्ही डबे काढून परत लावले. टीव्हीला अपडेट दिलं, त्यात पाऊण तास गेला. मग मी हात धुवायला उठलो तेवढ्यात आई फोन घेऊन जुन्या राउटरशेजारच्या खुर्चीत बसली.

"दिसतोय की," ती म्हणाली.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. टीव्ही गायब.

"तुझा हात लागला की जातो तो," आई शांतपणे म्हणाली.

मला ते जवळजवळ पटायला लागलं होतं. शेवटी मी टीव्हीचा आणि फोनचा नेटवर्कमधला पत्ता लिहून घेतला. खुर्चीत बसल्यावर दोन्ही पत्ते एका मालिकेतले, स्वयंपाकघरात गेलं की फोनचा वेगळाच. म्हणजे घरात एकाच नावाची दोन वायफाय चालू होती. पण जुन्या राउटरचं वायफाय तर मी त्याच्या मागच्या बटणाने बंद केलं होतं.

"आई, याचं मागचं बटण कुणी दाबलं?"

"मी. त्याचा एक दिवा गेला होता. दोन दिवस वाट बघितली, मग दाबलं. लागला."

"तो मी मुद्दाम घालवला होता."

"मग सांगायचं. इतकी वर्षं लागत होता, मला काय म्हायती?"

मी समजावलं. टीव्ही जुन्या वायफायवर, फोन चालता चालता नव्यावर. नाव एक असलं तरी घरं दोन. या घरातल्याला त्या घरातलं दिसत नाही.

आईने क्षणभर विचार केला. "एकच नाव कुणी ठेवलं?"

मी बटण दाबून जुन्याचं वायफाय बंद केलं. टीव्ही नव्या वायफायवर घेतला आणि स्वयंपाकघरातून, मोरीच्या दारातून, मागच्या अंगणातून तपासून पाहिलं. फोनला सगळीकडून टीव्ही दिसत होता. तोवर साडेतीन झाले होते आणि आम्ही दोघंही जेवलो नव्हतो.

चारला बायका आल्या. पहिले सात फोटो आईच्या औषधांच्या पाकिटाचे निघाले. त्यानंतर पडदाभर काहीतरी तपकिरी आलं.

"हा कुठला डोंगर गो?" एकीने विचारलं.

"तो माझा अंगठा हाय," आई म्हणाली. "डोंगर त्याच्या मागे हाय."

बायका मान हलवून बघत राहिल्या. तिने एकही फोटो गाळला नाही. एकेका अंगठ्यामागे काय होतं ते ती सांगत होती, आणि बाकीच्यांना ते सगळं आठवत होतं. माझी पेणची एसटी कधीच गेली होती. चहा मात्र मीच केला, सात कप.