तौफिक पेंटरची तीन तिकांडी

राहात्याच्या तौफिक पेंटरला कुणी घाई केली, की त्याचा ब्रश आणखी सावकाश चालतो. चिकनच्या दुकानाची पाटी रंगवायची असली तरी तो आधी कोंबडी नीट बघून येतो. बघितल्याशिवाय काही काढायचं नाही, हा त्याचा हट्ट. या हट्टापायी निम्मी गिऱ्हाईकं तुटली, उरलेली फ्लेक्सच्या मशीननं पळवली. आता गावात त्याच्या हातची पाटी शोधावी लागते, आणि तिच्या कोपऱ्यातलं त्याचं नाव तर उन्हापावसानं केव्हाच धुऊन नेलेलं असतं. याचं त्याला फार वाईट वाटायचं.

म्हणून सविता मॅडमनी शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत छतावर आभाळ रंगवायला बोलावलं, तेव्हा गडी हरखून गेला. नाव टिकेल अशी जागा मिळाली होती! मॅडमनी ताऱ्यांच्या नकाशांचं पुस्तक पुढं केलं. त्यानं ते न उघडताच परत दिलं.

"आभाळ डोक्यावर आसताना पुस्तक कशाला? आन् काम पुरं होईस्तोवर कुनी वर बघायचं न्हाई."

मॅडमनी मान डोलावली आणि तिथंच त्या फसल्या.

छताचे तीन भाग होते, मधे दोन बीम. तौफिक रोज संध्याकाळी जेवून गच्चीवर आडवा व्हायचा, दिसेल ते वहीत टिपायचा आणि सकाळी ते छतावर उतरवायचा. पहिला भाग डिसेंबरात झाला. मग गुडघ्यानं असहकार पुकारला. मधला भाग फेब्रुवारीत झाला. मग रमजान आला. तिसरा एप्रिलात उरकला. शेवटी कोपऱ्यात त्यानं आपलं नाव असं झोकात लिहिलं, की स्वतःच तीनदा खाली उतरून बघितलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅडमनी मान वर केली.

"तौफिकभाई, हे एका ओळीतले तीन तारे म्हणजे तिकांडंच ना?"

"व्हय."

"मग हे मधलं काय?"

"तिकांडं."

"आणि ते पलीकडचं?"

"त्ये बी तिकांडंच."

उगवतीला एक, डोक्यावर एक, मावळतीला एक. मॅडम कपाळाला हात लावून बाकावर बसल्या. "एका आभाळात तीन तिकांडी? उद्या पाहुणे मला हसतील!"

"जवा जिथं दिसलं, तवा तिथं काढलं."

"ते काही नाही. आजच पांढरा रंग मारा."

तौफिकचं तोंड एवढंसं झालं. तो घरून बादली घेऊन आला, तर मागोमाग बायको जहिराही आली. चार महिने नवरा गच्चीवर पडून काय करत होता, ते पुसायच्या आधी तिला बघायचंच होतं. तौफिक शिडी चढला. नाव आधी पुसावं, म्हणजे एकदाचं दुःख संपेल, असं त्यानं ठरवलं. पण हात काही पुढं जाईना. डोळे भरून आले.

खाली जहिरा मान वर करून गरागरा फिरत होती. मॅडमना कळावं म्हणून ती मराठीत बोलली.

"ह्ये गोधडीतलं. तवा ह्ये गोधडी पांघरून पडायचे, मी च्या घेऊन वर जायची, आन् तिकांडं पार तिकडं उगवतीला हुतं. मधलं स्वेटरातलं. आन् ह्ये मावळतीचं बनियनवरचं. थंडी सरली तसं आभाळ बी सरकलं. त्याला ह्ये बिचारे काय करनार?"

मॅडम उठल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"वीस वर्षं मी हेच फळ्यावर शिकवतेय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःवरच खळखळून हसल्या. "बादली खाली ठेवा, तौफिकभाई. प्रत्येक भागाखाली महिना तेवढा लिहा. आणि व्हरांड्याचं छत कोरंच आहे. राहिलेले महिनेही तिथं काढून टाका."

तौफिकनं बाहीनं नाक पुसलं आणि लगेच धंद्याचा आवाज लावला.

"काढतो. पन आत्ताच सांगून ठिवतो, जून ते सप्टेंबर निस्ते ढग निघतील."