काका उतरले की होणारा आवाज

परदेशात, चँडलरमध्ये असताना आमच्याकडे जुना पिकअप ट्रक होता आणि त्याचं तिथल्या मराठी मंडळींना मनापासून वाईट वाटे. इंजिनिअर माणसाने सेडान घ्यावी, पिकअप सुताराने घ्यावा, अशी तेव्हाची समजूत होती. मी तो घेतला, कारण तो मला आवडला. हे कारण फक्त माझ्या बायकोला पटलं. तिला तो माझ्याहून जास्त आवडला होता. "यात बसलं की सगळ्यांची टकलं दिसतात," असं ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात मला सनीव्हेलला नोकरी मिळाली. सामान ट्रकमध्ये भरायचं, वाळवंट ओलांडायचं आणि पोचायचं, असा बेत ठरला. नेमका तेव्हाच ट्रक किणकिणू लागला.

आवाज हळू जाताना यायचा, मागून, पायाखालच्या पत्र्यापलीकडून कुठूनतरी. चाकांचा वेग वाढला की किणकिण भरभर व्हायची. गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली तरी ती थांबत नसे, त्यामुळे इंजिन निर्दोष सुटलं. गॅरेजवाला म्हणाला, जुने ट्रक बोलतातच. बायको गरोदर होती. तिने स्वच्छ सांगितलं, "आवाज कसला ते कळलं, तर यातूनच जाऊ. नाही कळलं तर विकून टाक. भर वाळवंटात रस्त्याकडेला उभी राहायची माझी तयारी नाही."

रविवारी जेवणानंतर तपासणी ठरली. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे काका म्हणत. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. चहा हवा की कॉफी, याचं उत्तरही ते आभारप्रदर्शनासारखं देत. एक डॉक्टर मित्र स्टेथोस्कोप घेऊन आला. तो कुठे लावायचा हे त्याला कोणी सांगेना.

मी म्हणालो, "तुम्ही फुटपाथवर उभे राहून ऐका, मी समोरून एक चक्कर मारतो."

शहाणपणाची पद्धत हीच होती. पण आपल्याकडे कुणी एकट्याला चक्कर मारू देत नाही. "अरे, आम्ही पण येतो," म्हणत सगळे मागच्या हौद्यात चढले. काका अगदी मागच्या फळीला टेकून बसले. आवाज मागून येतो, तेव्हा अध्यक्षांनी मागेच असावं, असं ते म्हणाले.

ट्रक गप्प. वसाहतीला वळसा घातला, तरी गप्प. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पाहुणे आले की मुलं जशी गुणी होतात, तसा तो चालला.

डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "यार, झोप नीट लागते ना? मूव्हिंगचं टेन्शन असतं."

त्या दुसऱ्या रविवारी परतताना सगळ्यांना घरी सोडायचं होतं. बायको माझ्या शेजारी बसली होती. डॉक्टर उतरला, काही नाही. काका उतरले, आम्ही कोपऱ्यावर वळलो, आणि किण्, किण्, किण्.

"थांब," ती म्हणाली. "काका उतरले की सुरू होतं."

"योगायोग."

"मागे घे."

बेल ऐकून काका लेंगा घालून बाहेर आले. आता त्यांना विचारायचं कसं? हा प्रश्न बायकोने सोडवला. "काका, जरा परत बसता का? तुमच्याशिवाय नक्की कळत नाहीये."

ते बसले, मी ट्रक थोडा पुढे नेला. शांतता. "आता उतरता?" किणकिण. "आता पुन्हा?" ते पुन्हा चढले. अध्यक्षपदाचं ओझं वाहावं तशा गांभीर्याने ते चढत आणि उतरत होते.

"निष्कर्ष काय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यामुळेच कळलं, काका," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा ट्रकच्या पोटाखाली असतो. त्याच्या मागच्या टोकाला सांधा असतो. मागे वजन पडलं की ट्रक खाली बसतो, दांड्याचा कोन बदलतो आणि झिजलेला सांधा गप्प होतो. हे उमगताच मला हायसं वाटलं.

"म्हणजे सामान भरलं की आवाज जाईल," मी म्हणालो. "मिटला प्रश्न."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "गप्प बसलेल्या माणसाचं काही दुखत नसतं, असं वाटतं का तुला?"

लग्न झालेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं. मी चाकांना विटा लावून ट्रकखाली शिरलो आणि दांडा हाताने पिळून पाहिला. मागचा सांधा खिळखिळा होता, कडेने तांबूस गंजाची पूड सांडलेली. गॅरेजवाल्याला तो दाखवला, तेव्हा त्याने मुकाट्याने नवा बसवला. मग बायकोने स्वतः रिकामा ट्रक गल्लीत वरखाली चालवला, काचा उघड्या ठेवून, हळू. परत येऊन किल्ली माझ्या हातात दिली. "भर सामान," म्हणाली.

वाळवंटात आवाज आला तो फक्त मागच्या पातेल्यांचा.

सनीव्हेलच्या घरात फोन बसला, तेव्हा पहिला फोन काकांना केला. "आवाज?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मी तेव्हाच म्हणालो होतो."

ते काहीच म्हणाले नव्हते, नुसते बसले होते. पण नुसतं बसून एवढं काम केलेला दुसरा अध्यक्ष मी अजून पाहिलेला नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात बायकोने रिसीव्हर काढून घेतला.

"हो काका," ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून."