मैमूनाचाचीचा मीठा

आमच्या वडीगोद्रीच्या गल्लीत काही लपत न्हाई. दारं समोरासमोर, आणि माझं पिको-फॉलचं मशीन ओट्यावरच. कोण कुणाकडं गेलं, किती वेळ बसलं, हे मला न विचारता कळतं. म्हणून सांगते, समोरच्या मैमूनाचाचीच्या घरात चाचा गेल्यापासून, माझी एक सकाळ सोडून, कुणी घडीभर टेकलं असंल तर मला आणून दाखवा. दूधवाला येतो, तोसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच दूध घालून जातो.

फकरोद्दीनचाचा हायवेवरच्या बेकरीत भट्टीवर होते. घरी येताना पिशवीत तुटकी खारी, चेपलेले क्रीमरोल, कडा सुकलेली पेस्ट्री घेऊन यायचे आणि चाची त्याचा मीठा करायची. हैदराबादकडं पावाचा करतात ना, डबल का मीठा, तसाच. फक्त पावासोबत बेकरीत उरलंसुरलं सगळं त्यात. चाचा गेले. मुलगा अदनान पुण्यात असतो. तो घेऊन गेल्ता तिला, न्हाई असं न्हाई. पण महिना भरायच्या आत ही वापस. म्हणाली, "शीतल, तिथं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. इथं निदान तू दिसती." आता रस्त्यापलीकडं मशीनवर मान घालून बसलेली बाई दिसली, म्हणजे काय सोबत झाली का? पण एकट्या माणसाला तेवढंही लागतं.

बेकरीवाला संपत भला माणूस. त्यानं पिशवी बंद केली न्हाई. गुरुवारी चाची स्वतः जाऊन आणते आणि शुक्रवारी सकाळी मीठा. मी एकदा ब्लाउजांची घाई नव्हती तेव्हा जवळ बसून पाह्यलंय. पेस्ट्रीवरचं क्रीम चमच्यानं खरवडून आटत्या दुधात टाकते. पाव आणि क्रीमरोल तुपात लाल करून घेते. खारी नुसती मोडते, चुरत न्हाई. वेलची घालते, साखर नावालाच, कारण पेस्ट्री आधीच गोडमिट्ट. मंग पातेल्यात थर लावायचे, वरून दूध ओतायचं, झाकण ठेवायचं आणि पातेल्याखाली जाड तवा सरकवायचा.

"आता हलवायचं न्हाई," ती म्हणाली. "हलवलं की खिमट होतं. गप बसायचं."

खारीचे पदर दूध पिऊन फुगतात आणि तळाचा थर खरपूस होतो. अहाहा! तो तळाचा भाग ती स्वतः कधी घेत न्हाई, दुसऱ्याच्या वाटीत घालते. आणि आमच्या गल्लीत माळकरी घरं पुष्कळ, म्हणून संपतला विचारून बिनअंड्याचाच माल घेते. मीठ्याचं पातेलंही वेगळं, त्यात कधी गोश्त शिजलेलं न्हाई. हे तिनं कुणाला ऐकवलं न्हाई, मी पाह्यलं म्हणून मला माहीत.

मीठा झाला की वाट्या भरायच्या. लग्नातल्या स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीवर चाचांचं नाव कोरलेलं. एकेका घरी स्वतः नेऊन द्यायची.

"कशाला एवढा खटाटोप, चाची?" मी विचारलं होतं.

तिनं आडपडदा ठेवला न्हाई. "वाटी वापस द्यायला माणूस येतं ना. रिकामी कोणी देत न्हाई, काहीतरी घालून आणतं. मंग मी म्हणते, बसा, चहा टाकते. तेवढंच बोलणं होतं."

आणि नेमक्या वाट्याच येईनात. लोकांनी मीठा मिटक्या मारत खाल्ला, पण वाटी द्यायची तर तिच्यात घालायचं काय? एवढ्या तुपातल्या पदार्थाच्या बदल्यात चमचाभर साखर न्यायची लाज वाटायची. एक म्हणे, पुरण घालीन तेव्हा देईन. दुसरी म्हणे, दिवाळीच्या करंज्या होऊ द्या. तिसरीला भलतीच शंका, "आपल्या हातचं तिला आवडंल का?" अगं बाई, आधी तिला खाऊन तर बघू दे! असं करत वाट्या लोकांच्या मांडणीवर बसून राह्यल्या. इकडं चाची दार उघडं टाकून बसायची. कुणाचं पाऊल वाजलं की मान वर, पुढं गेलं की मान खाली. मला ते बघवत नव्हतं. मी जायचे, पण दारातनं दोन शब्द, की परत मशीनवर.

एका शुक्रवारी मीठा तयार झाला आणि भरायला वाटी म्हणून उरली न्हाई. चाची ओट्यावर आली आणि झुंबरबाईला म्हणाली, "वाट्याच न्हाईत हो माझ्याकडं. सगळ्या गल्लीत हायेत." झुंबरबाई म्हणजे आमच्या बचत गटाची पुढारीण. मनानं वाईट न्हाई, पण तिला समोरच्याचं पूर्ण ऐकायची सवय न्हाई, अर्ध्यातच पदर खोचते. मी त्या दिवशी भावाच्या साखरपुड्याला माहेरी धावड्याला गेल्ते, हे सगळं मला मागून कळलं. घरी असते तर आडवी आले असते.

वापस आले तर झुंबरबाई मलाच शोधत आली.

"शीतल, काम फत्ते! घरोघरी हिंडले अन् सगळ्या वाट्या गोळा केल्या. एकीलाही रिकामी देऊ दिली न्हाई. कुणाचा लाडू, कुणाची शेव, कुणाचा गूळ. सगळ्या एका टोपल्यात घालून म्हातारीच्या दारात नेऊन ठेवल्या."

"मंग बसलात का थोडं?"

"बसायला वेळ कुठंय बाई? गॅसवर कुकर ठेवून आल्ते. पण बायकांना लई बरं वाटलं. मोकळ्या झाल्या बिचाऱ्या."

वयानं मोठी, काय बोलणार? पण जीव असा जळला! सगळ्या गल्लीनं एकेक करून चाचीकडं जायचं होतं, ते हिनं एका टोपल्यात घालून पोचवलं आणि स्वतःही टेकली न्हाई.

तशीच चाचीकडं गेले. वाट्या घासून फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या. लाडू, शेव, गूळ एका ताटात जसंच्या तसं होतं.

"खाल्लं न्हाई?"

"एकटीनं काय खायचं?" ती म्हणाली. "पण लोक चांगले. बिलकुल रिकामी आली न्हाई एकबी. सगळ्यांचं बराबर झालं." मंग फडक्यावरच्या वाट्यांकडं बघत म्हणाली, "वाट्या त्यांच्याकडं होत्या तवर वाटायचं, आज न्हाई तर उद्या येईल कोणी. आता कशाला येतील, शीतल?"

"येत्या शुक्रवारी पुन्हा भरू की," मी म्हणाले.

"न्हाई गं. लोकांना ओझं झाल्तं ते. मला कळलंच न्हाई."

ती उठली, फ्रिजमधलं पातेलं काढलं, तळाचा खरपूस भाग खरवडून एका वाटीत घातला आणि वाटी माझ्यापुढं धरली. पलीकडं माझ्या ओट्यावर एक जण साडीला फॉल लावून न्यायला ताटकळत उभी होती, तिनं हाकही मारली. मी वाटीला हात लावला आणि सवयीनं बोलून गेले, "उद्या काहीतरी घालून आकांक्षाच्या हाती देते पाठवून." आकांक्षा माझी लेक.

चाचीनं वाटी सोडलीच न्हाई. तिचाही हात वाटीला, माझाही.

"काही घालू नको," ती म्हणाली. "रिकामी आण. पण पोरीला पाठवू नको. तू ये."