रस्त्यावरून मोजलेलं शिखर

"मास्तर, त्या पोराले बाहीरच ठिवा. माप घ्याचं असंल तं रस्त्यावरून घे म्हना!"

देवळाच्या ओट्यावरून गावचे मोठे जमीनदार बापूसाहेब बोलले, आणि आमचा अख्खा मॅट्रिकचा वर्ग हसला. असा हसला की तिकडं केनवडच्या बाजारात बैल बुजले असतील. गणिताचे सर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि मला सोडून सगळ्यांना आत नेलं.

सत्तर साल ओलांडून थोडंच झालं होतं. उन्नत कोनाचा धडा चालू होता, म्हणून सरांनी शिखराची उंची काढायला आम्हांला आणलेलं. शिखर तरी केवढं! घारीला कळसावर पोचेस्तोवर दोनदा खाली येऊन पाणी प्यावं लागे. आम्ही बौद्ध. घरातले देव माझ्या बापानं केव्हाच नदीत सोडलेले. मला देव पाहायचाच नव्हता. मला त्याच्या शिखराच्या बुडाशी फीत टेकवायची होती.

आत नारळ फुटला. बाहेर मी, ऊन आणि एक खरजुलं कुत्रं. थोड्या वेळानं खोबऱ्याच्या वासानं कुत्रंही आत गेलं. त्याला कोणी अडवलं नाही.

मग धड्याच्या शेवटचं गणित आठवलं. नदीच्या पल्याड मनोरा, माणूस अल्याड. नदी ओलांडायची नाही. एक कोन इथून घ्यायचा, मागे सरकून दुसरा, मधलं अंतर मोजायचं. बस.

कोनमापकाला दोरा, दोऱ्याला खडा. पंचेचाळीस अंशाला रस्त्यावर रेघ ओढली. मागे हटत गेलो, तीसला दुसरी. मधलं अंतर फूटपट्टी उलटवत, रांगत मोजलं. गुडघे एवढे झिजले की आजही मी इंचभर बुटका आहे. एका गाडीवानानं बैल थांबवले.

"काय हरपलं रे?"

"देऊळ."

तो गाडी वळवून निघून गेला. पुन्हा मी एकटा. आकडेमोड केली, माझ्या डोळ्यांची उंची मिळवली. उत्तर आलं.

पोरं बाहेर आली. त्यांचं उत्तर माझ्याहून बुटकं. त्यांची फीत गाभाऱ्याच्या भिंतीशी अडली होती. कळसाच्या बरोबर खालची जागा गाभाऱ्यात, आणि तिथं पुजाऱ्याशिवाय कोणी जात नाही. म्हणून त्यांनी भिंतीलाच पायथा धरलं.

सर हळूच म्हणाले, "बाबू, सगळ्यायचं तेच उतरवून घे."

"नाही उतरवत, सर."

"तू पायथ्याशी गेलाच नाही. तुहं उत्तर कोन धरंल?"

"पायथ्याशी तं हेबी गेले नाहीत, सर. भिंतीपासून वापस आले."

या वेळी कोणी हसलं नाही.

"मास्तर, लय बोलून राह्यला हा!" बापूसाहेब ओट्यावरून ओरडले. सरांनी माझ्या उत्तरावर लाल काट मारली. घरी जाताना माझ्यासोबत कोणी चाललं नाही.

मी फुगवून सांगतो. सवयच आहे. घार खोटी, बाजारातले बैल खोटे. पण ते उत्तर मी एका इंचानंही फुगवलेलं नाही.

तेव्हापासून दुसऱ्याचं उत्तर मी उतरवून घेत नाही. आत घ्या म्हणून कोणाच्या उंबऱ्याशी उभा राहत नाही. नदी मध्ये तुम्ही टाकली. मी अल्याडूनच मोजीन. आणि तुमचं शिखर भरेल तेवढंच सांगीन, तुमच्या तोंडावर.